कपाळ बघ, पाठ नंतर

प्रश्न : काका, 1 जूनची मासेमारी बंदी लागायच्या आधी मामाच्या होडीतून वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांपर्यंत गेलो होतो. सुरयच सुरय (इंग्रजीत टर्न, समुद्रपक्षी)! काही मोठे, पांढुरके, पिवळ्या चोचीचे. काही लहान, काळ्या पाठीचे. काळे ते सूटी टर्न असं मी म्हणते, दादा म्हणतो ब्रायडल्ड टर्न. मामा म्हणाला, खाली उतरून जवळून बघा की! कोण बरोबर?
– एक विद्यार्थिनी, केरी (पेडणे)

उत्तर : बाय, दादा बरोबर. मामाकडे शेवटी येतो.

तुझी चूक मीही केलेली आहे, आणि एकदा नव्हे. मुरगाव बंदरात टगच्या (जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या) इंजिनावर होतो तेव्हा वहीत लिहायचो, ‘काळी पाठ, सूटी’. अर्धी वही अशीच भरली. मग एका सप्टेंबरात बंदराबाहेर जहाजाची वाट बघत थांबलो असताना त्यातलाच एक येऊन मागच्या कठड्यावर बसला. माझ्यापासून दोन हातांवर. पाठ काळी नव्हतीच! जुन्या छत्रीचं कापड विटतं तशी, करडी-तपकिरी. डोक्याची काळी टोपी आणि पाठ यांच्यामध्ये मानेवर फिकट पट्टा. समुद्रावर ऊन पक्ष्याच्या मागे असलं की बगळासुद्धा काळा दिसतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. वही मी फाडली नाही, नुसती लाल पेनाने काट मारली.

तेव्हा पाठ सोड, कपाळ बघ. दोघांचंही कपाळ पांढरं. सूटीचं पांढरं रुंद असतं आणि डोळ्यापाशी थांबतं. ब्रायडल्डचं निमुळतं होत भुवईसारखं डोळ्याच्या मागे जातं. ब्रायडल म्हणजे लगाम. नाव त्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरूनच पडलेलं आहे. फोटो काढले असशील तर त्यांत एक तरी बाजूने काढलेला असेल, तो मोठा करून बघ.

कठड्यावर बसला हीसुद्धा खूणच होती, तेव्हा ओळखली नाही. ब्रायडल्डला तरंगता ओंडका, बोया, काहीही बसायला चालतं. सूटी वर्षानुवर्षं हवेतच राहणारा. वसाहतीवर आला तरच टेकायचा. त्याची मोठी वस्ती लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर ब्रायडल्ड. तिथल्या सुरयांवर आणि गुहेतल्या पाकोळ्यांवर पक्षीतज्ज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी 1942 सालीच लिहून ठेवलंय.

होडीतून आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे कोण कुठे बसलंय. ब्रायडल्ड एकच अंडं घालतो, तेही खडकाच्या पडवीखाली, कपारीत, झुडपाच्या सावलीत. तुझे पिवळ्या चोचीचे, म्हणजे मोठे तुरेवाले सुरय, उघड्या कातळावर बसतात, पणजीच्या बसमधल्यासारखे खेटून, शेजाऱ्याची चोच पोचणार नाही एवढंच अंतर ठेवून. प्रत्येक अंड्यावरची नक्षी वेगळी, आणि आईबापांना आपली ओळखता येते. माझी चष्म्याची डबी मला ओळखता येत नाही!

मोठा तुरेवाला 46 सेंमीच्या पुढे, ब्रायडल्ड 30-32. ह्या दोघांत गोंधळ होणार नाही. गोंधळ होईल तो हिवाळ्यात, मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी थवे बसतात तेव्हा. तिथे लहान तुरेवालाही असतो. त्याची चोच नारिंगी, पाठ फिकी. मोठ्याची चोच हिरवट पिवळी, पाठ गडद. विणीच्या पिसाऱ्यात लहानाची काळी टोपी थेट चोचीला भिडते, मोठ्याच्या टोपीआधी पांढरी पट्टी राहते. इथेही कपाळच.

आता मामा. उतरायचं नाही. माणूस चढला की सगळी वसाहत उठते, आणि मेच्या उन्हात तापलेल्या कातळावर अंडी उघडी पडतात. होडी लांब ठेवा, इंजिन मंद करा आणि दुर्बिण एकमेकांकडून हिसकावून घ्या.

प्रश्न : जुलैत किनाऱ्यावर कबुतराएवढा काळसर पक्षी सापडला. छाती-पोटही काळपट, पाठीवर पांढरे ठिपके, शेपटी दुभंगलेली. आम्ही तो दोनदा समुद्रावर उडवला, दोन्ही वेळा लाटेने परत आणला.
– एक वाचक, मांद्रे

उत्तर : हा मात्र सूटी, पहिल्या वर्षाचं पिल्लू. ब्रायडल्डचं पिल्लू खालून पांढरं असतं. पावसाळी वाऱ्याने ढकलून आणलेला, दमलेला, उपाशी. सूटीची पिसं पाण्यात लवकर भिजतात, म्हणून समुद्रावर फेकणं म्हणजे बुडवणंच. पुढच्या वेळी टॉवेलात धरा, चोचीपासून डोळे सांभाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला फोन करा. चोचीत पाणी ओतू नका, भात तर नकोच. आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका.