तिसरा आठवडा तुमचा

प्रिय बाळ,

आई म्हणते म्हणून तू बायकोला महिनाभर खोलीतच ठेवलं आहेस, हे मला मुळीच पटलेलं नाही. कॅलेंडर घे. तिची कॅन्सरची केमो दर 21 दिवसांनी आहे ना? मग सलाईन लागतं तो पहिला दिवस. पुढचे चार-पाच दिवस मळमळीचे नि थकव्याचे. साधारण सातव्यापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. पंधराव्यापासून पुढचा आठवडा मात्र तुम्हा दोघांचा. तो तिला बघायला येणाऱ्या नातेवाइकांत वाटून टाकायचा नाही.

मधला आठवडा कडक पाळ. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट बांबोळीचं हॉस्पिटल गाठ. आधी पॅरासिटामॉल देऊ नको. ताप दबतो, आतला संसर्ग वाढत राहतो. ‘सकाळी बघू’ हे तर बोलूच नको.

त्या दिवसांत तिसऱ्यो, कालवं नकोत. बांगडा ताजा आणि पूर्ण शिजलेला. तोंड आलं असेल तर सोलकढी, लोणचं बंद, उकड्या तांदळाची पेज कोमट करून दे. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. चार-पाच वेळा गुळण्या, पाणी रोज नवं. जेवण लोखंडासारखं लागतं म्हणाली तर स्टीलचा चमचा काढून लाकडी दे. आग्रह करून भरवू नको, त्यानेच ताटाची धास्ती बसते. केमोनंतर 48 तास झाकण लावून दोनदा फ्लश, आणि उलटी पुसताना हातमोजे.

एवढं सांभाळलंस की तिसरा आठवडा मोकळा. मी याच एका गोष्टीवर अडून बसते, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. उपचार महिनोन्महिने चालतात. नवरा नुसता राखणदार झाला तर ती एकटी पडते. जवळ यायलाही भिऊ नको, फक्त गर्भनिरोधाचं डॉक्टरांना स्पष्ट विचारून घे. शिगम्याच्या गर्दीत नेऊ नको. मंगेशीला भल्या सकाळी, गर्दी होण्याआधी, खुशाल ने.

पुढच्या केमोआधीची रक्ततपासणी याच आठवड्यात येते. ती सकाळी लवकर उरक, फाइल गाडीत ठेव आणि तिथूनच तिला मिरामारच्या किनाऱ्यावर घेऊन जा. रिपोर्ट संध्याकाळी आणता येतो.

तुझी,
मावशी