मुलांची पोटगी: हापूसची बाग, बंदीचे दोन महिने आणि कोर्टाचा आकडा

प्रश्न: मी मुलाला घेऊन देवगड तालुक्यात माहेरी राहते. माझा पगार १२,००० रुपये, मुलगा चौथीत. नवऱ्याची हापूसची बाग आहे, पण 'सातबारावर अठरा नावं, मला काय उरतं?' असं तो म्हणतो. मुलाच्या पोटगीचा आकडा ठरतो कसा?

उत्तर: ताई, पगाराचे अमुक टक्के असं कोष्टक आपल्या कायद्यात नाही. सगळीकडे ऐकू येणारे २५ टक्के हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधल्या एका निकालात पत्नीच्या पोटगीबद्दल आले आहेत. तो सरसकट नियम नव्हे.

आधी मुलाचा वर्षाचा खर्च लिहून काढा. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, एसटीचा पास, क्लास, दवाखाना, शिवाय किराणा आणि वीजबिलातला त्याचा वाटा. जूनमध्ये एकदम होणारा खर्च बहुतेक अर्जांत राहून जातो. बेरजेला १२ ने भागा. समजा महिन्याला ९,००० आले आणि वडिलांचं मासिक उत्पन्न ३६,००० सिद्ध झालं, तर तुमच्या १२,००० शी प्रमाण तीनास एक. त्यांचा वाटा ६,७५०. हे गणित कोर्टावर बंधनकारक नाही, पण मागणीला पाया मिळतो. मुलाचं रोजचं सगळं तुम्हीच करता, त्याचंही मोल धरावं, असं वकिलाला मांडायला सांगा.

खरी झटापट उत्पन्न सिद्ध करताना होते. नोकरदाराच्या पगारातून आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती वजा धरतात. पतपेढीचे हप्ते सहसा धरत नाहीत. बागायतदाराच्या शेती उत्पन्नाला आयकरच नाही, त्यामुळे विवरणपत्रातून फारसं हाती लागत नाही. सामाईक सातबारा तर कोकणात घरोघरी. त्यावर नावं कोणाची ते कळतं, पेट्या कोण भरतो ते कळत नाही. म्हणून वाशी बाजारातल्या दलालाच्या विक्रीपट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशोब), मार्च ते मेच्या बँक नोंदी, बाग कराराने दिली असेल तर तो करार आणि फळपीक विम्याचा अर्ज हजर करायला लावा, अशी मागणी कोर्टात करा. विमा भरताना आपलं क्षेत्र माणूस स्वतःच लिहून देतो. तिथे अठरा नावं आड येत नाहीत.

एकाच हंगामावर भिस्त ठेवू नका. एखाद्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर जातो आणि समोरची बाजू नेमकं तेच वर्ष दाखवते. तीन हंगामांची विक्री घ्या, फवारणी, गडी, पेट्या, भाडं, दलाली वजा करा आणि सरासरी १२ महिन्यांत वाटा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 'रजनेश विरुद्ध नेहा' (४ नोव्हेंबर २०२०) या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात स्वतःचा पगार लपवू नका. उलटतपासणीत तो निघाला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका. अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५), तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो. तालुका विधी सेवा समितीकडून महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

प्रश्न: मी हर्णैला ट्रॉलरवर तांडेल (होडीचा प्रमुख) आहे. २०२३ च्या हुकुमाप्रमाणे मुलीला महिना ७,००० देतो. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून त्या दोन महिन्यांचे देत नाही. आता वॉरंट आलंय.

उत्तर: दादा, हुकूम बदलेपर्यंत बाराही महिन्यांचे पैसे लागू आहेत. १ जून ते ३१ जुलैची बंदी हुकुमाच्या वेळीही होतीच, त्यामुळे ती 'बदललेली परिस्थिती' ठरणं कठीण. होडी विकली गेली, अपघाताने दर्यावर जाणं सुटलं, तांडेलकी जाऊन खलाशाच्या वाट्यावर आलात, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ (जुनं १२७) खाली रक्कम कमी करून मागता येते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च वाढला, तर तिची आईही याच कलमाखाली वाढ मागू शकते.

हा अर्ज उत्पन्न घटल्याबरोबर करा, थकबाकी साचल्यावर नव्हे. मागची बाकी त्याने आपोआप माफ होत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगूनही देणं फिटत नाही. आधी वॉरंटच्या तारखेला हजर राहा, जमेल तेवढी रक्कम भरा आणि उरलेल्याचे हप्ते मागा. पैसे बँकेतूनच पाठवा. नातेवाइकाच्या हाती दिलेली रोकड किंवा परस्पर भरलेली फी पोटगीत धरली जाईलच, याची खात्री नसते.

प्रश्न: मुलाला भेटू देत नाहीत. पोटगी थांबवू का?

उत्तर: नाही. पैसे मुलाच्या हक्काचे आहेत. भेटीसाठी वेगळा अर्ज करा आणि दिवस, वेळ, जागा हुकुमात लिहून घ्या. गणपतीची आणि मे महिन्याची सुट्टीही त्यातच मागा. नाहीतर दरवर्षी चतुर्थीच्या तोंडावर तोच वाद.