ईडीएम ऐकायला घेतलं, पण सगळं सारखंच वाटतं. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की सनबर्न या संगीत महोत्सवाचे व्हिडिओ बघून ईडीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, ऐकायला घेतलं, पण थोड्याच दिवसांत सगळं एकसारखं वाटायला लागलं. तरीही आवड निर्माण व्हावी अशी इच्छा आहे, तर माझ्या आवडीचं काही सुचवावं.

मोठ्या स्टेजवरचं बरंचसं संगीत 'ड्रॉप'साठी बांधलेलं असतं. आवाज चढवत न्यायचा, क्षणभर थांबायचं आणि दणका द्यायचा. हजारोंच्या गर्दीत उभं असताना त्याला तोड नाही, पण घरी एकामागून एक दणके ऐकून कान बधिर होतात. मी ज्यात रमतो त्या संगीतात ठेका तोच राहतो आणि त्याच्या पोटात सावकाश काहीतरी बदलत जातं. विलंबित ख्याल ऐकायची सवय असेल तर हे तुम्हाला मुळीच परकं वाटणार नाही.

म्हणून सुरुवात मुंबईपासूनच करा. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड काढली. भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग, आणि साथीला रोलँड कंपनीची यंत्रं : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रमचे ठेके देणारं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. यातलं ३०३ हे एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि रागाच्या चलनात ती घसरण मींडेच्या फार जवळ जाते. रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' आली, तीही याच ३०३ वर, आणि तिथून ॲसिड हाउस नावाची नृत्यसंगीताची अख्खी शैली उभी राहिली. २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. आधी तोडी ऐका, मग लगेच 'ॲसिड ट्रॅक्स'. बेसची एकच ओळ फिरत राहते, फक्त बटणं पिळून तिचा आवाज कधी दबका, कधी चरचरीत केला जातो. बारा मिनिटांच्या आसपासचा ट्रॅक आहे, पुढे ढकलू नका.

दुसरं, अमेरिकन गायिका डोना समरचं 'आय फील लव्ह', १९७७. हे हेडफोनवरच ऐका. बेसचा मूळ सूर डाव्या कानात आहे आणि त्याचा किंचित उशिरा येणारा प्रतिध्वनी उजव्या. एका बाजूचा हेडफोन काढून बघा, सगळी थरथर नाहीशी होते. जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर केलंय, पण किकचा (मोठ्या ड्रमचा खालचा) ठोका यंत्रावर मनासारखा जमेना म्हणून तो कीथ फोर्सीने खऱ्या ड्रमवर वाजवला. या गाण्याचा निर्माता जॉर्जिओ मोरोडर याच्या या एका कामातून पुढच्या कितीतरी गोष्टी निघाल्या.

डेट्रॉइट शहरात जन्मलेल्या टेक्नो या यांत्रिक नृत्यसंगीतातलं एकच सांगतो : डेरिक मे यांचं 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ', १९८७. नाचायचं संगीत असून त्यात बेसलाइनच नाही! पियानो आणि स्ट्रिंग्ज मिळून सगळं अंगावर घेतात.

आणि माझं सगळ्यांत लाडकं, फोर टेट या ब्रिटिश संगीतकाराचा २०१५ चा अल्बम 'मॉर्निंग/ईव्हनिंग'. दोनच ट्रॅक, प्रत्येक वीस मिनिटांचा. पहिल्यात 'सौतन' चित्रपटातल्या गाण्यातला लताबाईंचा आवाज संथ ठेक्यावर येतो, विरतो, परत येतो. जुन्या गाण्याचं रीमिक्स म्हटलं की आपल्याकडे जी आदळआपट होते तिचा इथे मागमूस नाही. आवाजाला पूर्ण मान दिलाय. मी हा सकाळीच लावतो.

गोवा ट्रान्स, म्हणजे गोव्याच्या पार्ट्यांतून आलेलं वेगवान नृत्यसंगीत, तुम्ही विचारलेलं नाही, पण वेग सोसत असेल तर हॅल्युसिनोजन या कलाकाराचा १९९५ चा अल्बम 'ट्विस्टेड' घ्या. माझ्या मते तो रात्री, मोठ्या स्पीकरवर ऐकायचा प्रकार आहे.

यातलं काहीही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे सूर तिथे उमटतच नाहीत आणि उरते ती टकटक. शोधताना 'रेडिओ एडिट', म्हणजे रेडिओसाठी कापून छोटी केलेली आवृत्ती, टाळा, मूळ लांबीचा ट्रॅक घ्या. सुरुवातीला नुसते ड्रम वाजत राहतात ते डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये मिसळता यावं म्हणून असतात. तेवढा धीर धरा, आणि तोडी कशी वाटली ते जरूर कळवा.