टायर रुंद केले, तरी घाटात गाडी मागून का हलते?

तुमच्या प्रश्नातलं नेमकं आधी मांडतो. छोटी हॅचबॅक. गणपतीला पुण्याहून चिपळूणला पाच माणसं, डिकी गच्च, वर कॅरिअरवर दोन मोठ्या बॅगा. कुंभार्ली घाट उतरताना वळणावर मागचा भाग बाहेर ओढल्यासारखा वाटला. एकटे चालवता तेव्हा काहीच जाणवत नाही. महिन्यापूर्वी १८५/६५ आर १५ मापाचे टायर काढून २०५/६५ आर १५ बसवलेत आणि निघताना पंपावर चारही चाकांत ३० पौंड हवा मारलीत. आता विचारताय, टायर खराब निघाले का, आणि साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का?

मी कऱ्हाडला वीस वर्षं टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो, त्याच घाटात जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या रोज हाताखालून जातात. माझ्या मते टायर खराब नाहीत. मागचा भार वाढला, हवा आहे तीच राहिली आणि नव्या मापाने त्यात भर घातली.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, बहुतेक सगळं आतली हवा पेलते. हे मला पुस्तकातून नाही, वजनकाट्यावर कळलं. तुमच्यासारखीच एक गाडी मी फक्त मागची चाकं काट्यावर चढवून मोजली होती. एकटा ड्रायव्हर असताना मागे ३९० किलो. मग मागे तीन माणसं, पुढे एक आणि डिकीत ऐंशीएक किलो सामान भरलं, तर मागे ६६० किलो! पुढच्या चाकांवर मात्र पन्नास-साठ किलोच वाढले होते. कारण साधं आहे. मागच्या सीटचा बराचसा भार मागच्या चाकांवर येतो, आणि डिकीतलं सामान तर त्या चाकांच्याही मागे लटकलेलं असतं. गाडी तीच, पण मागच्या टायरचं काम पावणेदोन पट झालं. त्याला एकट्यापुरती हवा कशी पुरेल?

आता वळणावर काय होतं ते बघा. चाक जिकडे तोंड करून असतं तिकडेच गाडी तंतोतंत जात नाही. टायर बाजूला लवतो आणि गाडी थोडी बाहेर सरकून जाते. हा फरक दोन-चार अंशांचाच असतो, पण सगळं हँडलिंग त्यावर चालतं. भार जास्त आणि हवा कमी असेल तर टायर जास्त लवतो. सैल विणीच्या बाजेवर बसलं की माणूस एका अंगाला कलतो, तसं. पुढचे टायर जास्त लवले तर स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच जाऊ बघते. मागचे जास्त लवले तर शेपूट बाहेर येतं, आणि ते जास्त धोक्याचं, कारण आपल्यासारख्या रोजच्या चालवणाऱ्याला ते सावरायची सवय नसते. त्यात उतारावर वळणातच ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि मागची पकड आणखी सुटते. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही.

पुढच्या-मागच्या हवेतला फरक किती मोलाचा असतो, याचं मला कायम आठवणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शेव्हरोलेची १९६० सालची कॉरव्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी. कंपनीने पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा सांगितली होती. मागचं सस्पेन्शन वळणावर दगा देणारं होतं आणि ते सांभाळायचं काम बरंचसं त्या ११ पौंडांच्या फरकावर सोपवलेलं होतं. चारही चाकांत सारखी हवा भरली की ती गाडी मागून सुटायची. आपल्या गाड्या इतक्या नाजूक नाहीत, पण ‘चारीमध्ये तीस मार’ ही सवय तिथली आणि इथली एकच.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो. दार उघडून बघा. बऱ्याच गाड्यांवर कमी भार आणि पूर्ण भार असे वेगळे आकडे असतात, पुढचे-मागचे वेगळे. पूर्ण भाराचा आकडा निघायच्या सकाळी, टायर थंड असताना भरायचा. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ असा जो आकडा असतो तो भरायचा नाही, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. आणि घाटात टायर तापून हवा चार-पाच पौंड वाढलेली दिसली तर काढू नका, ते धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं अजून कित्येक जण सांगतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते. कमी हवेचा टायर जास्त लवतो, लवल्याने तापतो आणि तापूनच फुटतो. नायट्रोजनचंही विचारलंय तुम्ही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. आकडा बरोबर असेल तर साधी हवा चालते.

आता माप. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि आर १५ म्हणजे १५ इंची रिम. म्हणजे रुंदी वाढवून ६५ तसेच ठेवलेत की भिंतही वाढते: १२० मिलिमीटरची १३३ झाली. रुंद टायर घट्ट बसेल असं वाटतं, पण तुम्ही उंच भिंत घेतलीत आणि उंच भिंत जास्त लवते. शिवाय तुमची रिम जुनीच, बहुधा साडेपाच इंच रुंद. २०५ साठी ती अगदी खालच्या टोकाची आहे, त्यामुळे टायर वर फुगीर आणि खाली आवळलेला राहतो. चाकाचा व्यासही ६२१ वरून ६४७ झाला, चार टक्के. स्पीडोमीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ ने पळतेय. कंपनी स्वतः माप बदलते तेव्हा बघा: एकाच गाडीच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ देतात, आणि दोन्हींच्या व्यासात दोन मिलिमीटरचाच फरक असतो.

पावसात रुंद टायरचं आणखी एक दुखणं. तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो. हवा कमी असली की त्याहून लवकर. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा हा कायद्याचा आकडा आहे, पण कोकणात जाणाऱ्यांना मी ३ लाच बदलायला सांगतो.

तुमच्या जागी मी असतो तर जुनं माप परत बसवलं असतं. रुंदच हवं असेल तर १९५/६० आर १५, त्याचा व्यास मूळच्या जवळ राहतो. मापानंतर ८८ सारखा आकडा असतो तो भाराचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. मूळ टायरपेक्षा तो कमी घेऊ नका. कॅरिअरवर फक्त हलकं ठेवा, कपडे आणि पांघरुणं. वर वजन असलं की गाडी वळणावर कलते, बाहेरच्या दोन टायरवर जास्त भार येतो आणि एकूण पकड घटते. परतताना तांदळाचं पोतं आणि नारळ डिकीच्या तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवा.

एवढं करूनही शेपूट हललं, तर मागचे शॉकअप आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) तपासून घ्या, आणि टायरच्या भिंतीला कुठे फुगवटा आलाय का ते हात फिरवून बघा. स्टिकरवरचे चारही आकडे इथे लिहा, म्हणजे तुमच्या भाराला मागे किती भरायची ते नेमकं सांगता येईल.