नाताळात गेलो तेव्हा मुलं गावात नव्हती

तुम्ही विचारलंय की तुमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ नाताळच्या सुट्टीत आठवडाभर बीडकडच्या एका खेड्यात मिशन ट्रिपला निघालाय. मुलांना कपडे-खाऊ, गाणी-गोष्टी, दोन दिवस आरोग्य शिबिर, माणशी चार हजार खर्च. तर जावं, की तेवढे पैसे सरळ पाठवून द्यावेत?

जा. पण त्याआधी तिथल्या माणसाला फोन करून एवढंच विचारा, की डिसेंबरात मुलं गावात असतात का.

आम्ही विचारलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतले पंधरा जण पाटोदा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. सत्तर मुलांचे स्वेटर बरोबर होते, वयाप्रमाणे चिठ्ठ्या लावलेले. समोर आली एकोणीस मुलं. दसरा-दिवाळीनंतर त्या भागातली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि लहान पोरं आईबरोबर फडावर जातात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली काही मुलं. बालवाडी चालवणाऱ्या ताई गठ्ठे बघून म्हणाल्या, "पोरं समदी कारखान्यावर गेलीत. सुटरं दिवाळीच्या आधी आणली असती तर अंगात घालून गेली असती." ज्यांच्यासाठी आणले होते ती पोरं त्या रात्री फडाजवळच्या कुठल्यातरी कोपीत, म्हणजे झोपडीत, कुडकुडत होती. ते वाक्य मला अजून टोचतं.

त्या आठवड्यात एकच चांगली गोष्ट झाली. शेवटच्या संध्याकाळी आम्ही ताईंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी कपडे मागितले नाहीत, खेळणी मागितली नाहीत. म्हणाल्या, आजीजवळ राहिलेल्या पोरांना संध्याकाळचं गरम जेवण मिळालं तर आईबाप त्यांना मागं ठेवायला तयार होतील, आणि मग शाळा बुडणार नाही. गावातलीच एक बाई स्वयंपाकाला तयार होती, प्रश्न फक्त तिच्या पगाराचा आणि किराण्याचा. घरी येऊन हिशेब केला, तर आमच्या ट्रिपच्या गाडीभाड्यातच त्या बाईंचा पाच महिन्यांचा पगार निघत होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: बहुतेक पैसे पाठवा, आणि थोडी माणसं जा. सगळा संघ नको. दोघं-तिघं, आणि दर वेळी तीच. आमच्याकडून अजून दोघं जातात, ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये, म्हणजे माणसं निघण्याआधी आणि आल्यावर. कोणतं कुटुंब कुठल्या कारखान्यावर चाललंय याची ताईंबरोबर यादी करायची, दाखल्यांचे, आधारचे कागद नीट लावून द्यायचे. हे काम फोटोत दिसत नाही. पण मुलं त्यांना नावानं ओळखतात, आणि पुढच्या खेपेला येणार का असं विचारायची त्यांना गरज पडत नाही. आठवडाभर अंगाखांद्यावर खेळवून कायमचं निघून जाणारी माणसं लेकरांच्या मनाला काय करून जातात, हे बालवाडीच्या ताईंना विचारा.

आरोग्य शिबिराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्याचं उत्तर तुम्ही जाणार त्या बीडच्या शेजारीच, जामखेडला आहे. शिबिरात एखाद्या आजीचा रक्तदाब वाढलेला निघतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. सोळाव्या दिवशी काय? हाच प्रश्न डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती जोडप्याला वडाळा मिशनच्या दवाखान्यात पडला होता. तेच तेच रोगी त्याच त्याच दुखण्याने परत येत होते, आणि दुखणी बहुतेक टाळता येण्याजोगी होती. पुढे शिकून येऊन त्यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं. बाहेरून आणलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच दलित. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, मुलांचं वजन, हे सगळं त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. दुष्काळात विंधन विहिरी घेतल्या त्या दलितवस्तीत, म्हणजे पाण्याला सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. 1979 मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघंही नाहीत, काम चालू आहे. तुमच्या संघात डॉक्टर असतील तर एक दिवस जामखेडला जाऊन या आणि मग शिबिराचं ठरवा.

केडगावचं मुक्ती मिशनही असंच. ते उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी लहान वयात दुष्काळात आईवडील गमावले होते. 1897 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-विधवांना घेऊन आल्या. प्रवास थोड्या दिवसांचा, पण त्यानंतर त्या मुलींसाठी शाळा, शेती, विणकाम, छापखाना उभा करण्यात त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. मिशन ट्रिप म्हणायची तर मी तिलाच म्हणेन.

आणखी एक, आपल्यातलंच म्हणून स्पष्ट लिहितो. खाऊ वाटताना प्रार्थनेला बसायची अट घालू नका, आडूनसुद्धा नाही. "पोटासाठी बाटले" हे माझ्या आजोबांनी जन्मभर ऐकलं. त्यांची श्रद्धा पोटासाठी नव्हती, पण हातात भाकरी धरून कुणी देवाचं नाव घ्यायला लावलं की खऱ्या श्रद्धेवरही तोच शिक्का बसतो. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर मोकळेपणानं सांगा. उपासना करायची ती तिथल्या मंडळीबरोबर, त्यांच्या पाळकांच्या मागे बसून करा. तुमची गिटार त्यांच्या पेटी-ढोलकीपुढे थोडी मागेच राहू द्या.

मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका. आईबाप फडावर असतील तर काढूच नका.

आणि स्वेटर न्यायचेच असतील तर दिवाळीच्या आठ दिवस आधी पोचवा. ऊसतोडीला निघणाऱ्यांचे ट्रक भरायला लागतात त्या सुमाराला.