पंचवीसचे बावन्न का होतात?

पहिली-दुसरीच्या वर्गांत सध्या दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि जोडाक्षरं चालू आहेत. पालकांचे प्रश्नही बहुतेक याच तीन ठिकाणचे आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. 'पंचवीस लिही' म्हटलं की 52 लिहिते, 'अडतीस' म्हटलं की 83. पण 1 ते 100 ओळीने लिहायला सांगितलं तर एकही चूक नाही. मग तिला संख्या येतात की येत नाहीत? (एक आई, चिपळूण)

उत्तर : ओळीने लिहिताना मुलं काय करतात ते एकदा शेजारी बसून पाहा. बरीच मुलं आधी वरून खाली 2, 2, 2, 2 असे दशक उतरवतात आणि मग त्यांच्यापुढे 1, 2, 3, 4 भरत जातात. रकाना बिनचूक भरतो, पण त्यात एकाही संख्येचं नाव कानावर पडलेलं नसतं. त्यामुळे ओळीने शंभर लिहिता येणं ही परीक्षा नव्हे. कोणतीही संख्या मधूनच सांगून लिहायला लावली की खरं चित्र दिसतं.

आणि 52 का? तर मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दशक नंतर. पंच-वीस, अड-तीस. कानाला पाच आधी ऐकू आला, हाताने पाच आधी लिहिला. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह' ज्या क्रमाने बोलतात त्याच क्रमाने लिहितात. म्हणून गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या सेमी इंग्रजीच्या मुलांचा आणि परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांचा इथे जास्त गोंधळ होतो.

उपाय पुठ्ठ्याचा आहे. जुन्या लग्नपत्रिका कापल्या तरी चालतील. 10, 20, 30 असे 90 पर्यंतचे नऊ तुकडे 6 सेंमी रुंद कापा, 1 ते 9 चे नऊ तुकडे 3 सेंमी रुंद. उंची सगळ्यांची सारखी. 20 मधला 2 डाव्या अर्ध्यात आणि 0 उजव्या अर्ध्यात यायला हवा. आता 'पंचवीस' म्हणा. मुलीने आधी 5 चा तुकडा उचलला तरी उचलू द्या, कानाला तो आधीच आला आहे. मग 20 चा उचलून खाली ठेवायचा आणि 5 चा तुकडा त्याच्या शून्यावर, उजवी कड जुळवून. 25 दिसतं. तुकडे शेजारीशेजारी ठेवले तर 205 होतात. मुलं वहीत 205 लिहितात ती चूक नेमकी हीच असते, त्यामुळे तीही एकदा मुद्दाम करून दाखवावी. रोज दहा संख्या पुरेत.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला. एकवीस, बावीस ही नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, नवं वाचन त्यांच्या सोबत दिलं होतं. पायरी म्हणून ते उपयोगी आहे, यात आम्हाला शंका नाही. पण भाजीवाली 'पंचवीस रुपये' म्हणते, 'वीस पाच' नाही. तेव्हा पायरीवरून पुढे जायलाच हवं, आणि 'वीस पाच' ऐकूनही काही मुलं 205 लिहितात हे विसरू नये.

काही नावं वेगळी घोटावी लागतात. 'एकोणचाळीस' ऐकलं की चाळीस ऐकू येतं आणि 49 लिहिलं जातं. एकोण म्हणजे एक उणे, चाळीसला एक कमी, हे दर वेळी तोंडाने म्हणवून घ्या. बावन्न-सत्तावन्नमध्ये 'पन्नास' ऐकू येत नाही, बाहत्तरमध्ये 'सत्तर'चं 'हत्तर' होतं. आणि नव्याण्णव तर एकोणच्या रांगेत बसतच नाही. ही पंधरा-वीस नावं पाठच करायची, त्याला तर्क शोधत बसू नये.

प्रश्न : 52 − 27 या गणितावरून घरात रोज भांडण होतं. आजोबा म्हणतात हातचा खालच्या आकड्याला द्यायचा, बाई म्हणतात वरच्यातून एक कमी करायचा. बरोबर कोण? (एक पालक, बार्शी)

उत्तर : दोघंही. आजोबांच्या रीतीत 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 2 चे 12 केले, 12 मधून 7 गेले 5 उरले, हातचा एक खालच्या 2 ला दिला, 3 झाले, 5 मधून 3 गेले 2. उत्तर 25. इथे वरच्या संख्येत दहा सुटे वाढवले आणि खालच्या संख्येत एक दशक वाढवला. दोन्हीकडे सारखंच वाढल्याने फरक बदलत नाही. बाईंच्या रीतीत वरच्या 5 दशकांतला एक सुटा केला, 4 उरले, 12 − 7 = 5 आणि 4 − 2 = 2. पुन्हा 25.

बिघडतं ते दोन्ही रीती एकाच गणितात आल्या की. मूल वरचे 5 चे 4 करतं आणि खालच्या 2 चे 3 ही करतं. उत्तर 15. म्हणून निदान या वर्षापुरतं आजोबांनी माघार घ्यावी. त्यांची रीत चुकीची आहे म्हणून नव्हे, तर शाळेची रीत काड्यांनी आणि पैशांनी हातात करून दाखवता येते म्हणून.

ती अशी : दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी, म्हणजे 53 रुपये, मुलाच्या हातात द्या. त्यातून 27 मागा. सात नाणी नाहीत. तेव्हा एक नोट 'मोडून' दहा नाणी आणायची. आता नोटा चार, नाणी तेरा. सात नाणी दिली, दोन नोटा दिल्या, उरले 26. वहीत 5 खोडून 4 आणि 3 चे 13 लिहिणं हे याच कृतीचं चित्र आहे. नोट मोडल्यावर ती हातात राहत नाही, म्हणून 5 चे 4 करायला मूल विसरत नाही.

घरी सरावाला गणित देताना एक काळजी घ्या. 52 − 27 हे तपासायला वाईट गणित आहे. 'लहानातून मोठं जात नाही, मग मोठ्यातून लहान घालवू' असं करणारं मूल 7 − 2 = 5, 5 − 2 = 3, म्हणजे 35 लिहितं. वरचा एक कमी करायला विसरणारं मूलही 12 − 7 = 5, 5 − 2 = 3 करून 35 च लिहितं. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. एककांतला फरक 5 असला की असं होतं. त्याऐवजी 53 − 27 द्या. 26 आलं तर बरोबर. 36 आलं तर वरचा कमी करायला विसरलं. 34 आलं तर उलटं घालवलं. 16 आलं तर आजोबा आणि बाई दोघंही डोक्यात आहेत. नुसती फुली मारण्यापेक्षा हे उत्तर वाचणं जास्त कामाचं. 36 वाल्याला पुन्हा नोटा मोडायला बसवा. 34 वाल्याला मात्र आधी एवढंच विचारा : तीन नाण्यांतून सात देशील कशी?

प्रश्न : जोडाक्षरं आली, पण 'र' आला की सगळं कोलमडतं. 'गर्व' चं 'र्गव' लिहितो. (एक पालक, परभणी)

उत्तर : 'गर्व' म्हणताना र हा ग च्या लगेच पुढे ऐकू येतो, म्हणून तो ग च्या डोक्यावर ठेवतो. कान बरोबर आहे, जागा चुकली. आधी फोडून लिहायला लावा : ग, र्, व. र चा पाय मोडलेला आहे, त्याला एकट्याने उभं राहता येत नाही, तो पुढच्याच्या डोक्यावर बसतो. पुढच्या अक्षराला काना असेल तर रफार कान्याच्या डोक्यावर, जसं 'वर्षा'. दोन दिवस फक्त फोडणं आणि जोडणं, श्रुतलेखन नको.

उलट आधीचं अक्षर अर्धं आणि र पूर्ण असेल तर तिरकी रेघ : प्रकाश, ग्रह. ट, ड यांना दांडी खालपर्यंत येत नाही, तिथे पोटाखाली काकपद : ट्रक, ड्रम. हे तीन प्रकार एकाच दिवशी शिकवू नयेत.

चौथा ऱ्य. याला नियम सांगण्यापेक्षा जोडी ऐकवा : 'सूर्याला' आणि 'सुऱ्याला'. पहिल्यात र च्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, तिथे रफार. दुसऱ्यात येत नाही, तिथे ऱ्य. घरातले शब्द भरपूर सापडतात : पुऱ्या, दोऱ्या, भाकऱ्या, नवऱ्या मुलाचं वऱ्हाड.

प्रश्न : आम्ही बाराखडी शिकलो, मुलगा 'चौदाखडी' म्हणतो. हे काय नवीन? (एक आजी, सांगली)

उत्तर : क का कि की मध्ये कॅ आणि कॉ हे दोन वाढले, बाकी तेच. के च्या पुढे कॅ, को च्या पुढे कॉ. बॅट, बॉल, डॉक्टर हे शब्द आपण कधीपासून लिहितोच आहोत. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा मिळाली. मराठीत चंद्र 'अ' वर द्यायचा, 'ए' वर नाही.

प्रश्न : पाढे तोंडपाठ आहेत, पण 'सात सक किती' विचारलं तर 'सात एके सात' पासून सुरुवात करतो. (एक पालक, ठाणे)

उत्तर : गाणं पाठ झालं आहे, पाढा अजून व्हायचा आहे. बे, पाच आणि दहाचे पाढे पक्के होईपर्यंत सातला हात लावू नका. मग 'पाच पंचे पंचवीस' पासून सुरू करून पुढे म्हणवा, पुढच्या आठवड्यात 'दाहे' पासून खाली उलटे. मधलंच विचारताना 'चोक', 'सक', 'साते' या तीन पायऱ्या जास्त वेळा विचारा, मुलं तिथेच अडकतात. मोजत पुढे गेला तर थांबवू नका. फक्त 'एके' ऐवजी 'पंचे' पासून मोजायला सांगा : सात पंचे पस्तीस, आणि सात बेचाळीस.