'खोटा दिमित्री' की दिमित्रीचा तोतया?

प्रश्न असा आहे: रशियन इतिहासातल्या 'ल्झेद्मित्री'ला, म्हणजे मेलेल्या राजपुत्र दिमित्रीचं नाव घेऊन गादीवर हक्क सांगणाऱ्याला, मराठीत 'खोटा दिमित्री' म्हणावं, 'स्वयंघोषित झार' म्हणावं की 'तोतया'? आणि 'त्सारेविच' म्हणजे युवराजच ना?

'तोतया'च. रशियनमध्ये अशा माणसाला 'समोझ्वानेत्स' म्हणतात. 'सम' म्हणजे स्वतः आणि 'झ्वात' म्हणजे हाक मारणं, नाव घेणं. शब्दशः पाहिलं तर 'स्वयंघोषित' जवळचा वाटतो, पण तिथेच फसगत होते. स्वयंघोषित नेता स्वतःच्याच नावाने मिरवतो, फक्त पद स्वतःच घेतो. तोतया दुसऱ्या माणसाचं नाव, नातीगोती आणि हक्क अंगावर घेतो. बंडखोर पुगाचोव्ह 1773 मध्ये 'मीच झार तिसरा प्योत्र' म्हणत उठला, तेव्हा खरा प्योत्र मरून 11 वर्षं झाली होती. तो प्योत्रचा तोतया. त्याच दशकात, 1776 मध्ये, पुण्यात सुखनिधानला देहदंड झाला. तो सदाशिवरावभाऊंचा तोतया. मराठीला हा शब्द उसना आणायची गरजच नाही.

आता रचना. 'तोतया पोलीस', 'तोतया अधिकारी' यांत तोतया विशेषण आहे, कारण पुढे हुद्दा येतो. पुढे विशिष्ट व्यक्ती असेल तर षष्ठी हवी: भाऊसाहेबांचा तोतया, दिमित्रीचा तोतया. 'तोतया दिमित्री पहिला' असं लिहिलं की 'पहिला' हा राजाचा क्रमांक वाटतो. तो क्रमांक तोतयांचा आहे, म्हणून 'दिमित्रीचा पहिला तोतया'. हा 1605 ते 1606 प्रत्यक्ष गादीवर बसला. त्याच्या आधीचा झार बोरिस गोदुनोव्ह याच्या सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तो मठातून पळालेला ग्रिगोरी ओत्रेप्येव्ह. दुसरा 1610 मध्ये कालुगा इथे मारला गेला, तिसरा इव्हानगोरोदमध्ये उगवला आणि पुढे प्स्कोव्हला गेला.

दुसऱ्याचा तळ मॉस्कोजवळ तुशिनोला होता, म्हणून त्याला 'तुशिनोचा चोर' म्हणतात, तेही जपून वाचा. 'वोर'चा आजचा अर्थ चोर, पण 17व्या शतकात तो राजद्रोही, गुन्हेगार अशा अर्थाने वापरत. 'तुशिनोचा हरामखोर' जास्त जवळचं. त्याच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाला 'वोरेनोक', म्हणजे 'वोर'चं पिल्लू, म्हणत. 1614 मध्ये त्याला मॉस्कोत फाशी दिलं. या बाळाला तोतया म्हणू नका, त्याने कसलंही सोंग घेतलं नव्हतं.

'त्सारेविच' म्हणजे झारचा मुलगा, कितवाही असो. म्हणून 'राजपुत्र'. वारसाला 'त्सेसारेविच' म्हणायचं हे झार पावेलच्या 1797 च्या वारसा कायद्यात पक्कं झालं. तिथे 'युवराज' चालेल. शेवटच्या झारचा मुलगा अलेक्सेई हा त्सेसारेविच.

आणि मूळ दिमित्री? तो नक्की कोणता हेही लिहावं लागतं, कारण चौथ्या इव्हानला या नावाचे दोन मुलगे होते. थोरला 1553 मध्ये तान्हा असतानाच बुडाला. तोतयांनी नाव वापरलं ते उग्लिच गावी राहणाऱ्या धाकट्याचं. तो 1582 मध्ये जन्मला आणि 15 मे 1591 रोजी, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, गळ्यावर चाकूची जखम होऊन गेला. सरदार वसिली शुइस्कीच्या चौकशीने 'अपस्माराच्या झटक्यात स्वतःच्याच हातून' असा निष्कर्ष काढला. पुढे 1606 मध्ये झार झाल्यावर याच शुइस्कीने त्याला 'खून झालेला संत' ठरवलं. पहिला तोतया नुकताच मारला गेला होता आणि खरा मेलेला आहे हे लोकांना पटवायचं होतं.